पहिल्या मुठीची तीन तासं

दगडाबाईच्या मुठीचं नाव आसपासच्या चार वाड्यांत होतं. तिचा नवरा पुंजाराम बैल हाकायचा आणि ती तिफणीच्या चाड्यावर मूठ धरून चालायची. चाडं म्हणजे लाकडाची वाटी. तिला तीन भोकं, खाली तीन नळ्या. मूठ सैल पडली की बी भसाभसा सांडतं, आवळली की तास, म्हणजे पेरणीची ओळ, कोरडं जातं. तिन्ही नळ्यांत सारखं बी सोडत मैलोन्मैल चालायचं, तेही ढेकळांतून, बैलांच्या चालीनं. हे कुणी शिकवून येत नाही. तिनं पेरलेली ज्वारी उगवून आली की वाटेनं जाणारा माणूस बांधावर दोन घटका थांबायचा.

पण पहिली मूठ तिची नसायची. नदीकडचं ते चौदा एकर काळं रान तात्यासाहेबांचं होतं आणि पुंजारामाच्या घरात ते बापापासून बटईनं होतं. कसायचं यांनी, निम्मा माल पोचवायचा तिकडं. तात्यासाहेब निजामाच्या वक्तात गंगापूरच्या कचेरीत पेशकार होते. पेरणीच्या पहिल्या दिवशी ते छकड्यातून वाडीला यायचे, पायातले जोडे बांधावर काढायचे आणि चाड्यावर मूठ धरून रानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक खेप चालायचे. तीन तासं पेरून झाली की दगडाबाई तांब्यानं त्यांच्या हातावर पाणी घालायची. ते तिला एक खण द्यायचे, बाभळीखाली बसून गूळ-शेंगदाणे खायचे आणि ऊन चढायच्या आत परतायचे. मालकाची मूठ लागल्याशिवाय रानाला बरकत नाही, असं पुंजारामाचा बाप मानायचा, पुंजारामही मानायचा.

आता खरं सांगायचं तर तात्यासाहेबांच्या मुठीत काही राम नव्हता. त्यांचा सारा जन्म बोरू धरण्यात गेलेला. आठ-दहा दिवसांनी रान उगवून यायचं, तेव्हा नेमकी ती तीन तासं फजितीची निघायची. इथं झुबका, तिथं दोन हात मोकळं, पुढं पुन्हा झुबका. दगडाबाई लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्याच साली सासूनं, साळूबाईनं, तिच्या ओटीत बी घातलं आणि सांगितलं, "जा, मालकाची तासं टोबून ये. आन कुठं बोलू नको." सारी पेरणी उरकली की दुसऱ्या दिवशी, उगवण दिसायच्या आतच, ती उकिडवी बसून बोटानं माती उकरायची, कुठं बी पडलं नाही ते बघायची आणि तिथं दाणे टोबत पुढं सरकायची. गुडघे भरून यायचे. दर साली एक खण मिळायचा आणि दर साली एक दिवस हे काम असायचं. असं बावीस वर्षं चाललं.

तात्यासाहेबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते महिन्याभरानं पाहुण्यारावळ्यांना घेऊन रानात यायचे, कडेची तीन तासं काठीनं दाखवायचे आणि म्हणायचे, "ही माझ्या हातची. बाकीच्यांत आणि यांत फरक दिसतोय का कुठं?" पाहुणे मान डोलवायचे. पुंजाराम हात बांधून, खाली बघत उभा असायचा.

पोलीस ॲक्शन होऊन दोन वर्षं व्हायला आली होती. त्या जानेवारीत चावडीवर झेंडा लागला, गूळ वाटला गेला, आता राज्य आपलं असं गुरुजी बोलले. वाडीला त्याचा फारसा उलगडा झाला नाही. पटवाऱ्याची उर्दू दप्तरं जाऊन मराठी कागद येणार, एवढं मात्र सगळ्यांनी ऐकलं. मग भादव्यात दवंडी झाली. नवा कायदा झाला आहे, जो रान कसतो त्याचं नाव कूळ म्हणून लागणार; नाव लागलं की त्याला रानातून उठवता येणार नाही. रब्बीची पेरणी झाली की पटवाऱ्याच्या वरचा गिरदावर साहेब स्वतः बांधोबांध फिरून लिहून घेणार.

पुंजारामानं दवंडी ऐकली आणि घरी येऊन भाकरी खाल्ली.

"काय म्हणत व्हता दवंडीवाला?" दगडाबाईनं विचारलं.

"रान कोन करतो ते लिवणार हायेत."

"मंग चांगलंच हाय की. आपनच करतो."

"तुला लई कळतं," पुंजाराम म्हणाला आणि उठून बैलांना पाणी पाजायला गेला.

चार दिवसांनी गंगापूरचं बोलावणं आलं. दोघांनाही. चार कोस चालून दोघं दुपारी पोचली. तात्यासाहेब ओसरीवर तक्क्याला टेकून बसले होते. शेजारी त्यांचा पुतण्या आप्पासाहेब, औरंगाबादेत वकिली करायचा. पुंजारामानं वहाणा पायरीखाली काढल्या आणि अंगणात, उन्हातच बसला. दगडाबाई दाराच्या आडोशाला उभी राहिली. कुणी तिला पाणी विचारलं नाही आणि तिनंही मागितलं नाही.

"पुंजाराम," तात्यासाहेब म्हणाले, "गिरदावर येईल. त्याला सांगायचं की रान मालकाचं खुदकाश्त आहे. म्हणजे मी स्वतः कसतो. तू आमचा सालगडी. समजलं?"

"व्हय मालक."

"बाकी तुझं आहे तसंच चालेल. कागदापुरतं फक्त."

"व्हय मालक."

आप्पासाहेब हसून म्हणाला, "काका, त्यात खोटं काय आहे? पेरणीची पहिली मूठ तुम्हीच धरता, इतकी वर्षं सारी वाडी बघते. या साली मी तीन साक्षीदार बांधावर उभे करतो. पाटील, आणखी दोघं. त्यांनी शपथ घेऊन सांगावं, काय डोळ्यांनी पाहिलं ते."

तात्यासाहेबांना हे बोलणं आवडलेलं दिसलं. पुंजाराम उठला. दगडाबाई मात्र आडोशाला होती, म्हणून तिनं पुढचंही ऐकलं. आप्पासाहेब हळू आवाजात म्हणत होता, की एकदा खुदकाश्त लागलं की पुढच्या साली विहिरीवर इंजिन बसवू, मोसंबी लावू. या माणसांची मग गरज नाही. तात्यासाहेब त्यावर काही बोलले नाहीत. नको असंही म्हणाले नाहीत.

परतीची निम्मी वाट सरली. मग तिनं सगळं नवऱ्याला सांगितलं.

"मालक तसं नाय करायचे," पुंजाराम म्हणाला.

"मालक गप बसले व्हते."

"माझ्या बापाच्या मयतीला ते आले व्हते, दगडा. गाडी जुपून."

"व्हय, आले व्हते. म्हून काय रान सोडायचं? दोन लेकी याच रानावर उजवल्या. विहिरीचा गाळ काढताना तुमचा खांदा गेला, आजून हात वर व्हत नाय. आन सालगडी म्हून सांगणार?"

पुंजारामाचा हात खांद्याकडं गेला. त्याचा खांदा खरंच वर जात नव्हता. पागोटं बांधतानाही तो मान खाली घालून बांधायचा. तो वाईट माणूस नव्हता, भित्राही नव्हता. रझाकारांच्या दिवसांत त्यानं कडब्याच्या गंजीत दोन माणसं लपवली होती. पण तात्यासाहेबांसमोर त्याच्या तोंडून 'व्हय' सोडून दुसरा शब्द निघत नसे, याला तो तरी काय करणार.

हस्ताचा पाऊस बरा झाला, वाफसा आला. तिफण बाहेर काढली, फणांना नवे फाळ ठोकले. पेरणीच्या आदल्या दिवशी दगडाबाई म्हणाली, "या साली मालकाला बलावू नका. मी धरते पयली मूठ. आपली आपण पेरणी करू."

पुंजाराम तिच्याकडं बघतच राहिला. "रानाला मालकाची मूठ नको? आन पीक बसलं मंग?"

"बसत नाय."

"बापाच्या वक्तापासून चालत आलंय. मी बोलावणं धाडलं बी."

दगडाबाईला रडू आलं. ज्या मुठीवर हे रान हातचं जाणार, तीच मूठ धरायला माणूस आपण होऊन मालकाला बोलावतो! चुलीपुढं बसलेली साळूबाई सारं ऐकत होती. तिला आता धड दिसत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "त्याला दोष देऊ नको गं. मीच त्याला तसं वाढवलं."

दुसऱ्या दिवशी छकडं आलं. बांधावर तीन साक्षीदार उभे राहिले, आप्पासाहेब छत्री घेऊन. तात्यासाहेबांनी जोडे काढले, तिफणीला हळदकुंकू वाहिलं आणि चाड्यावर मूठ धरली. या साली ते जरा जास्तच ताठ चालत होते. दगडाबाई चार पावलं मागून ओटीत बी घेऊन चालली. मूठ कुठं आवळते, कुठं सैल पडते, हे तिला मागूनसुद्धा कळत होतं. मधल्या नळीत एक काडी अडकली, पुढचं निम्मं रान ते तास कोरडं गेलं. बावीस वर्षांत ती अशा वेळी पुढं होऊन काडी काढायची. आज तिचा हात पुढं गेला आणि तिनं तो मागं घेतला.

तिन्ही तासं झाली. तिनं हातावर पाणी घातलं. तात्यासाहेबांनी खण दिला, हिरवा, किनारीचा. "पीक चांगलं येऊ दे," ते म्हणाले. मनापासून म्हणाले, हे तिलाही कळलं.

ते गेल्यावर तिनं नळी साफ केली आणि पुढचे तीन दिवस दोघांनी मिळून चौदा एकर पेरलं. संध्याकाळी तिची बोटं मुठीतच राहायची, उघडायला दुसऱ्या हाताची मदत लागायची. साळूबाई गरम पाण्यात मीठ टाकून तिचा हात शेकायची.

पेरणी उरकली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजारामानं ओसरीत बियाची टोपली आणून ठेवली. "आज तेवढं टोबून घे. दोन-चार दिसांत कोंब वर येतील."

दगडाबाई भाकरी थापत होती. "नाय टोबणार."

"आगं, मालकाची फजिती व्हईल."

"व्हऊ द्या."

"गिरदावर येणार, चार मान्सं येणार. त्यांच्या म्होरं?"

"तवाच तर."

पुंजारामाला तिचं म्हणणं समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तो खाली बसला. "पाप लागंल," तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

दुपारी ती ओटीत बी घेऊन गेलीच. बावीस वर्षांची सवय, पाय आपोआप तिकडं वळले. पहिल्या तासाच्या तोंडाशी ती बसली, बोटानं माती उकरली. हातभर मोकळं. टोबायला कितीसा वेळ लागतो! मालकाचं तोंड कसं होईल, हे तिला दिसत होतं. त्या म्हाताऱ्याला आयुष्यात एका गोष्टीचा अभिमान, तोही आपणच दिलेला. आणि आता आपणच काढून घ्यायचा. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मग तिला अंगणातल्या उन्हात बसलेला नवरा आठवला. तिनं उकरलेली माती परत लोटली आणि घरी आली.

बाराव्या दिवशी गिरदावर आला. पंचविशी-तिशीचा, खाकी कोट घातलेला, शेतकऱ्याचा मुलगा असावा. कारण बांधावरून रानात उतरताना त्यानं कोंबांवर पाय पडू दिला नाही. बरोबर पटवारी, तीन साक्षीदार, आप्पासाहेब, आणि जोडे बांधावर काढून काठी टेकत तात्यासाहेब. पुंजाराम पागोटं नीट करून एका बाजूला उभा राहिला. दगडाबाई बाभळीखाली होती, शेजारी बियाची टोपली.

साक्षीदारांनी शपथेवर सांगितलं: पेरणी तात्यासाहेबांच्या हातानं झाली, आम्ही पाहिली. गिरदावरानं लिहून घेतलं.

"कुठून पेरलंत?" त्यानं विचारलं.

"ही काय, बांधालगतची," तात्यासाहेबांनी सवयीनं काठी उचलली आणि काठी तशीच वर राहिली.

सारं रान हिरव्या रेघांनी आखलेलं होतं. फक्त कडेच्या तीन रेघा मोडक्या. दोहोंत झुबके आणि खंड, मधली निम्म्या रानापासून पुढं उगवलीच नव्हती. पाटलानं दुसरीकडं बघितलं.

"बी किडकं असेल," आप्पासाहेब म्हणाला.

"मग शेजारचं तास कसं आलं? एकाच पोत्यातलं ना?" गिरदावर खाली बसला. चौथ्या तासावर त्यानं वीतभर अंतरात रोपं मोजली, पुढं जाऊन पुन्हा मोजली. "ही मूठ वेगळी आहे. ही तीन तासं तुमची, साहेब, मान्य. बाकीचं चौदा एकर कुणी पेरलं?"

तात्यासाहेबांचं त्याच्या बोलण्याकडं लक्षच नव्हतं. ते वाकले, हातानं माती उकरली, कुठं दाणा सापडतो का बघितलं. "असं कधी झालं नाही," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत कधी झालं नाही. दर साली माझी तासं भरून येतात. पुंजाराम, सांग ना यांना."

पुंजारामानं तोंड उघडलं. 'व्हय मालक' त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्यानं ओठांवरच ठेवलं आणि बायकोकडं बघितलं.

दगडाबाई बाभळीखालून पुढं आली. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"दर साली मी टोबत व्हते, मालक," ती म्हणाली.

"काय करत होतीस?"

"तुमच्या तासातली तुटाळ भरत व्हते. तुम्ही गेल्यावर, पेरणी उरकली की. तुमची मूठ पयल्यापासून अशीच हाय."

तात्यासाहेब तिच्याकडं बघत राहिले. त्यांना राग येईल असं सगळ्यांना वाटलं. राग आला नाही. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. "पहिल्यापासून?"

"माझ्या लग्नापासून तर मीच."

"आणि मी माणसं आणून दाखवत होतो," ते हळूच म्हणाले.

आप्पासाहेब पुढं झाला. "गिरदावर, हे काही पुराव्यात येत नाही. आम्ही तहसिलीत अर्ज करू."

"करा," गिरदावर म्हणाला. "मला रानात दिसलं ते मी लिहितो."

"आप्पा, राहू दे," तात्यासाहेब म्हणाले.

"पण काका—"

"राहू दे म्हटलं ना. माझी आणखी किती शोभा करायची आहे?"

गिरदावरानं कागद गुडघ्यावर धरला. "रान कसतो त्याचं नाव?"

पुंजाराम एक पाऊल पुढं आला. मग तो म्हणाला, "पुंजाराम वलद सूर्यभान." तो पुढंही बोलला, आणि हे बोलायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं: "साहेब, मूठ हिची हाय. दगडाबाईची. तिचं बी लिवा."

वाडीतल्या चार माणसांसमोर त्यानं बायकोचं नाव घेतलं तसं पटवारी खुदकन हसला. गिरदावर हसला नाही. त्यानं कागद उलटसुलट बघितला. "यात एकाच नावाची जागा आहे, बाबा," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. मग त्यानं पुंजारामाचा अंगठा घेतला, निळ्या शाईचा. तो हात वर उचलता येत नव्हता म्हणून कागदच खाली न्यावा लागला.

माणसं पुढच्या बांधाला निघाली. तात्यासाहेबांचे हात मातीनं भरले होते. त्यांनी ते जुन्या सवयीनं पुढं धरले. पण दगडाबाई टोपलीतलं बी ओटीत घेत होती, तिचे दोन्ही हात गुंतलेले होते. क्षणभर ते तसेच हात पुढं करून उभे राहिले. मग विहिरीवर गेले, पोहऱ्यानं पाणी काढलं आणि स्वतःचे हात स्वतः धुतले. पोहरा ओढताना त्यांना धाप लागली. पुंजाराम धावणार होता. दगडाबाईनं नुसती मान हलवली आणि तो थांबला.

ते परत आले तेव्हा ती पहिल्या तासाच्या तोंडाशी उकिडवी बसली होती. बोटानं माती उकरायची, तीन दाणे टाकायचे, माती लोटायची, पुढं सरकायचं. मातीत अजून ओल होती.

तात्यासाहेब बांधावर थांबले. "आता कशाला भरतेस?" त्यांनी विचारलं. "आता तर सगळ्यांनी बघितलं."

दगडाबाईनं वर बघितलं नाही. तिचे गुडघे दुखत होते आणि रानाचं दुसरं टोक अजून लांब होतं.

"आता रान आमचं हाय, मालक," ती म्हणाली. "त्याच्यात तुटाळ ठेवून कसं चालंल?"

तात्यासाहेबांनी जोडे घातले आणि ते छकड्याकडं गेले. पुंजाराम तिच्याजवळ आला. मग त्यानं टोपलीतून मूठभर बी घेतलं, अंगठ्याची शाई धोतराला पुसली आणि तासाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.